रेमडेसिवीरचं मूळ, मांजरांचा ताप आणि डेव्हिसचे एक प्राध्यापक

रेमडेसिवीर हा शब्द २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या तालुक्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ झाला होता. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन लोक मेडिकलपुढं रात्र काढायचे. कुणी पुण्यात ओळख काढायचं, कुणी थेट हैदराबादला फोन लावायचं. साठेबाजी, काळा बाजार, बनावट व्हायल, अटका... त्या महिन्यात आम्हा पत्रकारांना दुसरी बातमीच नव्हती.

आज त्याच औषधाची वेगळी बाजू सांगायची आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

रेमडेसिवीर हा ज्या मूळ रेणूपासून तयार केलेला आहे, त्याला धड नावसुद्धा नाही. नुसता नंबर आहे: जीएस-४४१५२४. रेमडेसिवीर म्हणजे हाच रेणू, फक्त पेशीत लवकर शिरावा म्हणून त्याला मागं एक रासायनिक शेपूट जोडलेलं. ते इंजेक्शन शिरेतून दिलं की शेपूट तुटतं आणि रक्तात फिरत राहतो तो बराचसा हाच मूळ रेणू. आपल्याकडं रांगा लागल्या त्याच्या दोन वर्षं आधी, २०१९ च्या सुरुवातीला, या मूळ रेणूनं कॅलिफोर्नियात मांजरांचा एक आजार बरा करून दाखवला होता. तोवर त्या आजारात मरण जवळजवळ ठरलेलं असायचं. तो आजारही कोरोनाव्हायरसचाच. आणि त्या औषधाचाही पुढं काळा बाजार झाला, अगदी आपल्यासारखाच.

या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस आहे. नील्स पेडर्सन. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले, मांजर-कुत्र्यांच्या मेडिसिनचे प्राध्यापक.

आता "मांजर-कुत्र्यांचं मेडिसिन" म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्याकडं जनावरांचा डॉक्टर म्हटलं की म्हशीच्या मागं हातभर मोजा घालून उभा असलेला माणूसच डोळ्यांपुढं येतो. माणसांमध्ये जसा एक सर्जन असतो आणि एक एमडी मेडिसिन असतो, तसंच पशुवैद्यकातही आहे. हाड मोडलं, गाठ काढायची, तर सर्जन. ताप का येतोय, वजन का घटतंय, लघवी का तुंबली, पोटात पाणी का झालं, हे शोधून काढायचं काम मेडिसिनवाल्याचं. त्यातही गाय-म्हैस-घोडा वेगळा आणि कुत्रं-मांजर वेगळं. या दुसऱ्या शाखेला जगभर स्मॉल अ‍ॅनिमल म्हणतात. पेशंट बोलत नाही, त्यामुळं इथं डॉक्टरला निम्मं गुप्तहेर व्हावं लागतं.

ही शाखा वयानं लहान आहे. पशुवैद्यकाची कॉलेजं निघाली ती लष्कराच्या घोड्यांसाठी आणि शेतकऱ्यांच्या गुरांसाठी. आपलं परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. त्या काळात मुंबईत ट्रामसुद्धा घोड्यांवर चालायची, तेव्हा कुणाच्या मांजराला ताप आला म्हणून प्राध्यापक नेमण्याची कल्पना कुणाला सुचणार? अमेरिकेतही तेच. डेव्हिस हे कॅलिफोर्नियातलं शेतीचं गाव, तिथलं पशुवैद्यक कॉलेज १९४८ साली सुरू झालं तेही मुख्यतः गुरंढोरं, मेंढ्या, कोंबड्या यांच्या भरवशावर. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडची माणसं शहरात गेली, हातात पैसा आला, कुत्री-मांजरं अंगणातून घरात आणि घरातून सोफ्यावर आली, तशी ही शाखा वाढत गेली. स्टीफन एटिंगर यांचं कुत्र्या-मांजरांच्या मेडिसिनचं जाडजूड पाठ्यपुस्तक, जे आजही जगभरचे विद्यार्थी वापरतात, ते पहिल्यांदा आलं १९७५ मध्ये. म्हणजे आमच्या पिढीच्या थोडंसंच आधी.

यातही मांजराला किंमत कमी होती. मांजर म्हणजे छोटं कुत्रं, असंच बहुतेक डॉक्टर धरून चालायचे. हे चुकीचं आहे असं ठासून सांगणाऱ्यांपैकी एक बाई होत्या, बोस्टनच्या एंजल मेमोरियल हॉस्पिटलमधल्या जीन होल्झवर्थ. १९६३ साली त्यांनी मांजरांच्या महत्त्वाच्या आजारांवर एक लेख लिहिला. त्यात एका विचित्र आजाराची नोंद होती. कोवळं, खेळतं मांजर. ताप येतो, अँटिबायोटिकला दाद देत नाही. खाणं सुटतं, पाठीचा कणा हाताला लागायला लागतो आणि पोट मात्र फुगत जातं. पोटात सुई घातली की पिवळं, चिकट पाणी निघतं. काही आठवड्यांत मांजर जातं.

आपल्याकडं अशी पिल्लं पूर्वीही मेली असणार. "जंत झाले" म्हणून विषय संपायचा.

१९६६ मध्ये या आजाराला नाव मिळालं, फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस. मांजरपाळे आणि डॉक्टर दोघंही त्याला एफआयपी म्हणतात, मीही तेच म्हणतो. याच सुमाराला पेडर्सन डेव्हिसला विद्यार्थी होते. १९६७ ला ते पशुवैद्य झाले. मग ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या जॉन कर्टिन संस्थेत त्यांनी इम्युनॉलॉजीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, पीएचडी केली. (त्याच संस्थेत पुढं दोनेक वर्षांत पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी जे काम केलं, त्याला १९९६ चं नोबेल मिळालं. डोहर्टी मूळचे पशुवैद्य, हे आपल्या गावातल्या "ढोरांचा डॉक्टर" म्हणून हिणवणाऱ्यांना मुद्दाम सांगावंसं वाटतं.) १९७२ साली पेडर्सन डेव्हिसला परत आले, प्राध्यापकीत लागले आणि तिथंच राहिले. खुर्ची एक, गाव एक आणि डोक्यात आजार मुख्यतः एक.

त्या आजाराचं पुढं काय झालं ते दशकादशकानं बघण्यासारखं आहे. इतकं हळू काम आपल्याला आता सवयीचं राहिलेलं नाही.

सत्तरच्या दशकात पहिला प्रश्न होता, हा विषाणू नेमका कोणत्या घराण्यातला? १९७८ मध्ये पेडर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डुकरांच्या पिलांना हगवण लावणारा एक कोरोनाव्हायरस, कुत्र्यांचा कोरोनाव्हायरस आणि हा मांजरांचा, हे एकमेकांचे नातेवाईक आहेत. कोरोना हे नाव २०२० च्या मार्चमध्ये आपल्या कानावर पडलं. पशुवैद्यकाच्या पोरांना ते त्याआधी चाळीस वर्षं परीक्षेला होतं.

मग १९८० साली एक चमत्कारिक गोष्ट हाती लागली. ज्या मांजरांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध आधीच अँटिबॉडी होत्या, त्यांना विषाणू टोचला तर ती वाचायला हवी होती. झालं उलटंच. ती जास्त लवकर आणि जास्त वाईट आजारी पडली. अँटिबॉडी विषाणूला अडवण्याऐवजी त्याला पांढऱ्या पेशींच्या आत पोचवत होत्या. घराच्या राखणदारानंच चोराला दार उघडून द्यावं तसं. म्हणून या रोगाची लस बनवणं इतकं अवघड गेलं. नव्वदच्या दशकात नाकात थेंब टाकायची एक लस बाजारात आली, पण तिचा उपयोग किती यावर डॉक्टरांचा कधीच फारसा विश्वास बसला नाही. २०२० मध्ये माणसांच्या कोरोना लशी बनवताना, असं उलटं तर होणार नाही ना, ही भीती शास्त्रज्ञांनी बोलून दाखवली होती. तिच्या मागं जी उदाहरणं होती, त्यात ही मांजरंही होती. सुदैवानं माणसांच्या लशींत तसं झालं नाही.

१९८१ मध्ये पुढचा टप्पा. मांजरांच्या आतड्यात एक अगदी साधा कोरोनाव्हायरस असतो, असं पेडर्सन यांच्या गटानं दाखवलं. दोन दिवस जुलाब, संपलं. जिथं आठ-दहा मांजरं एकत्र राहतात तिथं तो बहुतेक सगळ्यांना होऊन जातो. मग प्रश्न आला, तो साधा आणि हा जीवघेणा, यांचं नातं काय? याचं पक्कं उत्तर यायला १९९८ साल उजाडलं. सतरा वर्षं! उत्तर असं: दोन्ही एकच आहेत. साधा विषाणू एखाद्या मांजराच्या शरीरात वाढता वाढता बदलतो, आतडं सोडून पांढऱ्या पेशींत शिरायला शिकतो आणि मारेकरी होतो. म्हणजे बहुतेक वेळा हा मारेकरी बाहेरून येत नाही, त्या मांजराच्या पोटातच तयार होतो. म्हणून एका घरातल्या सहा मांजरांत एकच मरतं आणि बाकीची पाच मजेत दूध पितात, आणि मालक स्वतःला दोष देत बसतो की मी काय चुकीचं खायला घातलं.

मध्ये १९८६ ला एक मोठं वळण आलं, तेही थोडक्यात सांगतो. डेव्हिसपासून फार लांब नसलेल्या पेटालुमा गावात एकीनं भटकी मांजरं सांभाळली होती. त्यातल्या एका कप्प्यातली मांजरं एकामागून एक झिजून मरत होती. हिरड्या सुजलेल्या, जुलाब, अंगावर इन्फेक्शन. १९६४ ला ग्लासगोत सापडलेल्या ल्युकेमियाच्या विषाणूची टेस्ट केली तर निगेटिव्ह. बाई चिवट, त्यांनी पिच्छा सोडला नाही. पेडर्सन आणि जेनेट यामामोटो यांनी त्या मांजरांच्या रक्तातून एक नवीन विषाणू काढला, माणसांच्या एचआयव्हीच्या जातकुळीतला. १९८७ च्या सुरुवातीला 'सायन्स' या नियतकालिकात तो जाहीर झाला. आज त्याला एफआयव्ही म्हणतात. माणसाला तो होत नाही, हे लगेच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या गल्लीतल्या बोक्यांची धडगत नाही. त्या काळात एड्सच्या अभ्यासाला मांजरांनी एक प्राणी पुरवला. आणि ज्या बाईंनी ती मांजरं सांभाळली, त्यांचं नाव त्या शोधनिबंधाच्या लेखकांत आहे. मला या सगळ्या गोष्टीतला हा तपशील फार आवडतो. आपल्याकडं माहिती देणाऱ्या माणसाचं नाव पंचनाम्यात येतं, शोधनिबंधात येत नाही.

एवढं नाव झाल्यावर एखादा माणूस एचआयव्हीच्याच मागं लागला असता. पैसा तिकडंच होता. पेडर्सन एफआयपी सोडायला तयार नव्हते.

पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत आणि नंतरही या आजारावर औषध काही नव्हतं. डॉक्टर निदान करायचे आणि पुढचं वाक्य ठरलेलं असायचं: त्रास होऊ द्यायचा नसेल तर झोपवून टाका. पेडर्सन यांच्या गटानं एक वेगळा मार्गही करून पाहिला. काही मांजरं हा विषाणू टोचूनही जगतात, मग त्यांचीच पैदास वाढवली तर? देशी बियाणं निवडतो तसं. २०१६ मध्ये त्याचा निकाल छापून आला: प्रतिकारशक्ती वाढली नाही, उलट घटली. जवळच्या नात्यात पैदास केल्याची किंमत मोजावी लागली. अनेक वर्षांचं काम, आणि निष्कर्ष काय तर "असं करू नका". हेही त्यांनी छापलं. आपल्याकडं अपयशाचा अहवाल कुठल्या फायलीत जातो ते तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. या पन्नास वर्षांत प्रयोगशाळेत मुद्दाम विषाणू टोचलेली मांजरंही होती आणि त्यातली पुष्कळ मेली. मांजरं वाचवायच्या कामात मांजरंच मेली. यावर तुमचं काय मत असायचं ते असो, पण गोष्ट सांगताना तेवढा भाग गाळणं बरोबर नाही.

आता औषधाकडं येऊ.

पहिलं औषध कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या युनजॉंग किम आणि क्योंग-ओक चँग यांच्या कामातून आलं, जीसी-३७६. विषाणूला आपले भाग कापून-जोडून घ्यायला जी कात्री लागते, ती कात्रीच ते जाम करतं. पेडर्सन यांनी ते प्रत्यक्ष आजारी पडलेल्या २० मांजरांवर वापरलं. जवळजवळ सगळी आधी सुधारली, मग बरीच पुन्हा आजारी पडली आणि शेवटी ७ टिकली. वीसातली सात. याआधीचा आकडा जवळपास शून्य होता हे लक्षात घेतलं की सातचं मोल कळतं.

दुसरं म्हणजे आपलं नंबरवालं, जीएस-४४१५२४. ते गिलियड सायन्सेस या कंपनीचं. विषाणू स्वतःची नक्कल करताना एकेक मणी ओवत जातो. हा रेणू खऱ्या मण्यासारखा दिसणारा खोटा मणी आहे. तो माळेत ओवला गेला की माळ पुढं सरकत नाही. कंपनीकडून डेव्हिसला तो अभ्यासासाठी मिळाला. २०१८ मध्ये छापलेल्या प्रयोगात, विषाणू टोचून आजारी पाडलेली दहाच्या दहा मांजरं बरी झाली. मग लोकांच्या घरची, खरोखर आजारी असलेली ३१ मांजरं घेतली. रोज एक इंजेक्शन कातडीखाली, किमान बारा आठवडे, तेही मालकांनीच घरी द्यायचं. इंजेक्शन आग करायचं, जागेवर फोड यायचे, मांजरं ओरबाडायची. पण ताप एक-दोन दिवसांत उतरायचा. पाच मांजरं वाचली नाहीत, त्यांची अवस्था आधीच फार बिघडलेली होती. २६ जणांचा कोर्स पूर्ण झाला. काहींना आजार उलटला, त्यांना डोस वाढवून पुन्हा दिलं. शेवटी २५ मांजरं बरी झाली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत निबंध आला तेव्हा त्यातली २४ ठणठणीत होती. पंचविसावं गेलं, पण हृदयाच्या दुखण्यानं; सव्विसाव्याला मात्र आजार उलटून मज्जासंस्थेत शिरल्यानं झोपवावं लागलं.

ज्या आजाराला पन्नास वर्षं "झोपवून टाका" हेच उत्तर होतं, त्यात ३१ पैकी २५.

पेडर्सन तोवर निवृत्त होऊन मानद प्राध्यापक झाले होते. विद्यार्थिदशेत पाहिलेला आजार निवृत्तीनंतर बरा होताना बघितलेला माणूस वैद्यकात फार वेळा सापडणार नाही.

आणि इथून पुढं गोष्ट विज्ञानाची राहत नाही, कागदपत्रांची होते.

पेडर्सन यांना हवं होतं की कंपनीनं हे औषध मांजरांसाठी बाजारात आणावं, किंवा दुसऱ्या कुणाला तरी परवाना द्यावा. कंपनीनं दिला नाही. कारण काय? त्याच रेणूचं शेपूट जोडलेलं रूप, म्हणजे रेमडेसिवीर, माणसांसाठी मंजूर करून घ्यायचं चाललं होतं. तेव्हा इबोलासाठी. मांजरांमध्ये त्याच्या भावंडाचा एखादा दुष्परिणाम दिसला तर तो माणसांच्या मंजुरीच्या फायलीत अडसर ठरेल, ही भीती. पेडर्सन यांनी हे नंतर पत्रकारांना उघडपणे सांगितलं. कंपनीच्या बाजूनं विचार केला तर यात तर्क नाही असं मी म्हणणार नाही. औषध मंजुरीच्या नियमांत प्राण्यांतला प्रत्येक दुष्परिणाम कळवावा लागतो. पण परिणाम काय झाला बघा: इलाज माहीत आहे, सिद्ध झालाय, छापून आलाय, आणि डॉक्टरच्या कपाटात नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. रेणूची रचना तर निबंधात सगळ्यांपुढं होती. चीनमध्ये कुणीकुणी तो बनवायला सुरुवात केली आणि छोट्या बाटल्या कुरिअरनं जगभर जायला लागल्या. फेसबुकवर ग्रुप निघाले. मांजराचं वजन सांगा, डोस सांगतो. तुमच्या शहरात कुणाकडं बाटली शिल्लक आहे बघतो. एका मांजराच्या कोर्सला हजारो डॉलर लागायचे. बाटलीत नेमकं किती औषध आहे याची खात्री नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांची पंचाईत अशी की औषध लिहून द्यावं तर बेकायदा आणि नाही म्हणावं तर समोरचं मांजर मरतंय. बरेच डॉक्टर मग रक्त तपासून द्यायचे आणि इंजेक्शन कुठून आणलं हे विचारायचे नाहीत.

हे २०१९ साल. त्याच वर्षी काँगोतल्या इबोलाच्या चाचणीत रेमडेसिवीर दुसऱ्या औषधांपुढं कमी पडलं आणि बाजूला ठेवलं गेलं. ज्या कामासाठी मांजरांना थांबवलं होतं, ते काम तर झालंच नाही.

मग वुहान. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेनं रेमडेसिवीरला आणीबाणीची परवानगी दिली. त्याच महिन्यात गिलियडनं भारतातल्या सिप्ला, हेटेरो, ज्युबिलंट अशा कंपन्यांना ते बनवायचा परवाना दिला. जूनमध्ये भारतातही परवानगी आली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या मोठ्या चाचणीच्या आधारावर सांगितलं की दवाखान्यात दाखल रुग्णांचा मृत्यू यानं टळतो असा पुरावा नाही, देऊ नका. (२०२२ मध्ये हा सल्ला थोडा बदलला: सौम्य आजार पण धोका जास्त अशा रुग्णांना लवकर दिलं तर उपयोग होतो.) म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये आपण ज्या औषधासाठी दागिने गहाण टाकत होतो, त्याबद्दलचा तो पहिला सल्ला पाच महिने आधीच जाहीर झालेला होता. त्या रांगेत उभं राहिलेल्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. आतला माणूस आपला असतो.

मांजरांमध्ये मात्र हे औषध इतकं चाललं आणि माणसांत इतकं कमी, असं का? एक कारण वेळेचं सांगतात. माणसांत कोविडचा विषाणू पहिल्या आठवड्यात वाढतो, दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ शरीराच्या स्वतःच्या सूजेचा झालेला असतो. एफआयपीत विषाणू आठवडेच्या आठवडे वाढत राहतो, त्यामुळं औषधाला त्याच्यावर काम करायला वाव मिळतो. दुसरं कारण सरळ आहे: मांजरांना ते बारा आठवडे रोज दिलं, माणसांना पाच-दहा दिवस.

आता मला जे खरं बोलायचंय ते.

पेडर्सन यांना पगार सरकारी विद्यापीठाचा होता. संशोधनाचा काही पैसा मांजरप्रेमींच्या वर्गणीतून आला. तिकडं तेव्हाचं विन फेलाइन फाउंडेशन, सॉक एफआयपी अशा संस्था आहेत, ज्यांत सामान्य माणसं आपल्या मेलेल्या मांजराच्या नावानं थोडे थोडे डॉलर देतात. कुठल्याच कंपनीनं १९७२ साली या आजारावर पैसा लावला नसता. फायदा काय, मांजर मेलं तर लोक दुसरं आणतात. एक माणूस कायम नोकरीत होता, त्याला दरवर्षी "यातून काय निघालं" असं विचारून हैराण केलं नाही, आणि सतरा वर्षं एका प्रश्नावर घालवायची मुभा होती, म्हणून हे झालं.

आपल्याकडं परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली. मेडिसिनचे विभाग आहेत, दवाखाने आहेत, हुशार पोरं येतात. त्यातली बरीच पशुधन विकास अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसतात आणि ते चूक नाही. लम्पी आली तेव्हा हीच पोरं गोठ्यागोठ्यांतून फिरली. पण जे शिकवायला थांबतात, त्यांना आपण कसं थांबवतो? तासिका तत्त्वावर, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, रिक्त जागेचा अतिरिक्त कार्यभार देऊन. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर सतरा वर्षांचा प्रश्न कोण हातात घेईल? मांजराचा सोडा, म्हशीचा तरी घेईल का?

"माणसांचं बघायचं सोडून मांजरांचे लाड" असं म्हणणारेही कमेंटमध्ये येतील, मला खात्री आहे. त्यांना एवढंच की कोविड आला तेव्हा कोरोनाव्हायरस शरीरात कसा वागतो याचा चाळीस वर्षांचा तपशील मांजर, डुक्कर आणि कोंबडीच्या डॉक्टरांच्या वह्यांमध्ये होता. माणसांच्या डॉक्टरांसाठी २००३ च्या सार्सपर्यंत हे घराणं म्हणजे साधी सर्दी होती.

पुढचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये २०२१ च्या ऑगस्टपासून पशुवैद्यांना रेमडेसिवीर आणि त्याच वर्षाअखेरीला जीएस-४४१५२४ च्या गोळ्या कायदेशीर मिळायला लागल्या. २०२३ मध्ये सायप्रस बेटावर या आजाराचा मोठा उद्रेक झाला. मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या कोरोनाव्हायरसची सरमिसळ होऊन झालेला नवा प्रकार होता तो. तिथल्या सरकारनं माणसांच्या कोविडसाठी आणून पडून राहिलेल्या गोळ्यांचा साठा मांजरांसाठी खुला केला. म्युनिकच्या विद्यापीठानं दाखवलं की काही मांजरांत बारा आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांचा कोर्सही पुरतो, म्हणजे खर्च निम्मा. आणि अमेरिकेत, जिथं हे सगळं सुरू झालं तिथं, २०२४ च्या मे महिन्यात औषध प्रशासनानं जाहीर केलं की पशुवैद्याच्या चिठ्ठीवर फार्मसीनं बनवून दिलेल्या या औषधाविरुद्ध आम्ही कारवाई करणार नाही. जूनपासून गोळ्या मिळायला लागल्या. निबंध छापून आल्यापासून पाच वर्षं.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्यासाठी: आपल्या तालुक्यातही आता पर्शियन मांजरं दिसतात, घरात चार-पाच मांजरं पाळणारेही आहेत, म्हणून लिहितो. दोन वर्षांच्या आतलं मांजर, उतरत नसलेला ताप, घटतं वजन आणि फुगतं पोट असं एकत्र दिसलं तर जंताची गोळी देऊन आठवडाभर वाट बघू नका. पोट न फुगताही हा आजार होतो, मग डोळ्याचा रंग बदलतो, चाल डगमगते. पशुवैद्याकडं न्या, पोटातल्या पाण्याची तपासणी करायला सांगा, एफआयपीची शंका आहे का असं स्पष्ट विचारा. हा आजार माणसाला होत नाही. घरात २०२१ ची एखादी व्हायल उरलेली असेल तर ती आपल्या मनानं वापरू नका, ती कधीच मुदतबाह्य झाली असणार. आणि डोस फेसबुकवर विचारू नका. माझ्या या पोस्टखालीही नको.